दीड हजाराचा डबा, साठ हजारांची अडवणूक

मे महिन्यात जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही इ-बाइक दुरुस्तीच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहा. गाड्या ओळीनं लागलेल्या दिसतील. त्यांतल्या कितीतरी गाड्यांची बॅटरी ठीक असते, मोटर ठीक असते, टायरही फारसे झिजलेले नसतात. गेलेला असतो तो कंट्रोलर. तळहातापेक्षा जरा मोठा, अ‍ॅल्युमिनियमचा, वायरींचा झुबका बाहेर आलेला एक डबा. बाजारात तो हजार ते दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्या डब्यापायी पन्नास-साठ हजारांची गाडी महिनोन्‌महिने धूळ खात पडते, नाहीतर मिळेल त्या भावाला विकली जाते. हा अन्याय आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. म्हणूनच त्याचा राग येतो.

ही गाडी घेतं कोण, ते आधी बघा. लायसन्स नसलेली कॉलेजातली मुलगी. धुळ्यात पांझरेच्या पुलावरून रोज देवपुरात जाणाऱ्या नर्सबाई. जळगावच्या सराफाकडे कारागिरी करणारा माणूस. निवृत्त मास्तर. दुधाची किटली लावून फिरणारा पोऱ्या. पेट्रोल परवडत नाही म्हणून त्यांनी हप्त्यावर गाडी घेतलेली असते. गाडी बंद पडली तरी हप्ता चालूच राहतो आणि वर रिक्षाचं भाडं सुरू होतं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: “कंपनीला कळवलंय, पार्ट आला की फोन करतो.” फोन येत नाही.

आमच्या घरची गाडी गेल्या उन्हाळ्यात जळगावात शिवाजीनगरच्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबली. बायको शाळेतून येत होती. चाक इतकं जड झालं की ढकलताही येईना. जिथून गाडी घेतली त्या दुकानात आधी मोटर गेली म्हणून सांगितलं, मग बॅटरी, मग दोन्ही बदला म्हणाले. खर्चाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीजवळ गेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी उत्तर बदलत नाही. मल्टिमीटर मात्र तिथं कुणीच हातात घेतला नव्हता. गाडी तपासली ती गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्या आप्पांनी. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटरी भरणारा माणूस. “काय व्हयनं?” एवढंच विचारलं आणि गाडी डबल स्टँडवर घेतली.

त्यांनी जे केलं ते नीट सांगतो, कारण ते प्रत्येक गाडीवाल्यानं एकदा तरी बघून ठेवायला हवं. आधी सीट उचलून एमसीबी पाडला, बॅटरीचा कपलर सोडवला. मागचं चाक हातानं फिरवलं. चाक अडखळत, गचके देत फिरलं. मग कंट्रोलरकडून मोटरकडे जाणाऱ्या तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी, सोडवून एकमेकींपासून लांब ठेवल्या. पुन्हा चाक फिरवलं. आता ते मोकळं, सुरसुरत फिरलं. आप्पा म्हणाले, “मोटर चांगली शे. डबा गया.” दुकानातले तीन जण तासभर जे सांगू शकले नाहीत, ते एका मिनिटात कळलं, तेही कुठलंच यंत्र न लावता.

यामागचं कारण सरळ आहे. हबमधल्या मोटरला ब्रश नसतात. बॅटरीचा सरळ प्रवाह त्या तीन वायरींवर आळीपाळीनं सोडला तरच चाक फिरतं. चुंबक कुठं आलंय हे चाकातले तीन हॉल सेन्सर सांगतात, आणि त्याप्रमाणे प्रवाह चालू-बंद करतात ते कंट्रोलरमधले मॉस्फेट. स्वस्त गाडीत ते बहुधा सहा असतात, जरा दमदार गाडीत नऊ किंवा बारा. सेकंदाला हजारो वेळा ते उघडतात, मिटतात. एखादा मॉस्फेट जळाला की बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो. मग दोन वायरी आतल्या आत जोडल्यासारख्या होतात, चाक फिरवलं की मोटरच जनरेटर बनते, आणि स्वतःच तयार केलेली वीज चाकाला अडवते. वायरी सोडवल्या की अडथळा जातो. आप्पांच्या परीक्षेचं मर्म एवढंच.

इथं एक गोष्ट ठळक सांगायला हवी. चाक जड झालेली गाडी दोरी लावून टोचन करू नका. शॉर्ट झालेल्या कंट्रोलरसकट गाडी वेगात ओढली तर मोटरच्या गुंडाळीतून जोराचा प्रवाह वाहतो, वायरींचं आवरण वितळतं आणि चांगली असलेली मोटरही जाते. ओढायचीच असेल तर आधी त्या तीन जाड वायरी सोडवा, प्रत्येकीला वेगळी टेप लावा, मग ओढा. हे वाक्य गाडीसोबतच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हवं होतं. आमच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर डोंगरातल्या वळणावर गाडी चालवणाऱ्या मुलीचा फोटो आहे.

पुढं आप्पांनी मल्टिमीटर घेतला. डायोडच्या खुणेवर काटा ठेवून कंट्रोलरच्या बॅटरी-वायरींपासून तिन्ही जाड वायरींपर्यंत एकेक माप घेतलं. चांगला मॉस्फेट साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो, तोही एकाच दिशेनं. पिवळ्या वायरीवर शून्य आलं. पुरावा मिळाला. तीन-चारशे रुपयांच्या मीटरनं मिळतो हा पुरावा, आणि त्याच्याशिवाय मोटर बदला, बॅटरी बदला म्हणणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं.

उलटही होतं, तेही लक्षात घ्या. गाडी बंद म्हणजे कंट्रोलर गेलाच असं नाही. ब्रेकच्या मुठीतला स्विच अडकला तर कंट्रोलर मोटरला वीज देतच नाही. ती सोय सुरक्षिततेसाठीच केलेली असते. एक्सलेटरमध्येही छोटा सेन्सर असतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात आणि तो मोकळा असताना एक व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या पुढं सिग्नल देतो. तो गेला तर गाडी मेल्यासारखी वाटते आणि दुरुस्ती मात्र चिल्लर असते. हॉल सेन्सर गेला तर चाक थरथरतं, जागेवर गचके मारतं, पण हातानं मोकळं फिरतं. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी जाऊन तांब्यावर हिरवा थर चढतो, तेवढ्यानंही गाडी बंद पडते. हे सगळं आधी बघायचं, कंट्रोलर शेवटी. अनेक ठिकाणी पहिल्याच मिनिटाला नवा कंट्रोलर विकला जातो आणि गाडी तरी चालत नाही.

आता हा डबा आपल्याकडं इतका का जातो? खान्देशातला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. भुसावळ, जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. ते सावलीतलं माप. बसस्टँडबाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटखाली, काळ्या प्लास्टिकच्या बंद खोबणीत, त्याहून कितीतरी जास्त. कंट्रोलर बसवलेला असतो नेमका तिथं, नाहीतर पायाखालच्या फळीत. वारा लागत नाही. आतले कपॅसिटर उष्णतेला सगळ्यांत कच्चे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना आडाखा आहे. दुसरीकडे ३५ अंशांत जी गाडी फिरते तीच गाडी इथं ४५ मध्ये फिरते, हे दहा अंश डिझाइन करणाऱ्यानं मोजलेच नाहीत. त्यात उतारवयाला आलेली बॅटरी, तीन सीट, पुढं भाजीची गोणी, आणि समोर उड्डाणपुलाचा चढ. चढावर मोटर हळू फिरते आणि प्रवाह सर्वांत जास्त खेचते. डबा तापतो तो तिथं. जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी फळीखाली शिरतं आणि उन्हाळ्यानं अर्धा मारलेला कंट्रोलर पावसाळा पुरा करतो.

मग डिझाइन करणाऱ्यानं काय करायला हवं होतं? डबा गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट बसवायचा, म्हणजे उष्णता सांगाड्यात जाते. मध्ये हीट सिंक पेस्टचा पातळ थर द्यायचा. वायरी खाली तोंड करून सोडायच्या, म्हणजे पाणी त्यांच्यावरून ओघळून आत शिरणार नाही. जादा खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या वर जाणार नाही. आमच्या गाडीतला डबा दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी प्लास्टिकलाच बांधलेला होता. कंट्रोलर बदलताना मिस्तरीकडून हे काम करून घ्या. नवा डबा जुन्याच जागी तसाच बांधला तर पुढच्या मेमध्ये पुन्हा तिथंच भेट होईल.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण त्यात शिस्त लागते. सगळ्यांत आधी जुन्या डब्यावरचं लेबल वाचा आणि त्याचा फोटो काढा. व्होल्ट, वॉट, अँपिअरची मर्यादा, आणि किती व्होल्टला तो बॅटरी तोडतो तो आकडा. ४८ व्होल्टच्या लेड अ‍ॅसिड बॅटरीला बहुधा ४२. मग प्रत्येक कपलरचा, जोडलेला असतानाच, फोटो. ६० व्होल्टच्या गाडीला ४८ चा कंट्रोलर “चालून जाईल” म्हणणारे भेटतात. चालत नाही. पूर्ण भरलेली ६० व्होल्टची बॅटरी ६५ च्या वर असते, आणि ४८ च्या कंट्रोलरमध्ये ६३ व्होल्टचे कपॅसिटर सर्रास लावलेले असतात. मग कपॅसिटर केव्हाही फुटू शकतो.

खरा घोळ वायरींच्या रंगांचा. बॅटरीची लाल-काळी सगळीकडे सारखी, पण चावीची वायर एकाकडे नारिंगी, दुसऱ्याकडे पातळ लाल. ब्रेकची कुणाची पांढरी, कुणाची जांभळी. मोटरच्या तीन जाड आणि हॉलच्या तीन बारीक वायरींच्या मिळून ३६ जुळण्या होतात. त्यांतल्या सहाच बरोबर. तीनमध्ये चाक पुढं फिरतं, तीनमध्ये मागं. बाकीच्या तीसमध्ये मोटर गुरगुरते, थरथरते आणि भरमसाट प्रवाह ओढते. म्हणून चाक जमिनीपासून वर, बॅटरीच्या वायरीत छोटा फ्यूज, आणि एक्सलेटरला नुसता स्पर्श. रंगाला रंग लावून पूर्ण पीळ मारणाऱ्यानं नवा कंट्रोलर दुकानातच जाळल्याची उदाहरणं हव्या त्या मिस्तरीला विचारा. हल्ली बऱ्याच बदली कंट्रोलरना ‘सेल्फ लर्निंग’च्या दोन बारीक वायरी असतात. त्या जोडल्या की चाक आपोआप फिरतं, कंट्रोलर जुळणी स्वतः शोधतो; चाक उलटं फिरलं तर वायरी सोडून परत जोडायच्या, सरळ फिरलं की कायमच्या सोडायच्या. ज्याला रंगांची खात्री नाही त्यानं असाच कंट्रोलर मागावा. शेवटी प्रत्येक जोडाला सोल्डर मारून स्लीव्ह चढवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड आपल्या रस्त्यांवर सहा महिनेसुद्धा नीट राहत नाही.

म्हणजे सगळा गुंता सुटतो एका कागदानं. वायरिंगचा नकाशा. कुठला रंग कुठं जातो, एवढंच. अर्धं पान. हे अर्धं पान कंपन्या देत नाहीत. दुकानदाराकडे नसतं, पुस्तिकेत नसतं, गाडीवर चिकटवलेलं नसतं. काही डब्यांवरचं लेबलही खरवडलेलं असतं, म्हणजे बाहेरून पार्ट घेताच येऊ नये. ही चूक नाही, हा धंदा आहे. ग्राहक आपल्याच दारात परत यावा म्हणून घातलेलं कुलूप आहे, आणि परत आल्यावर कंपनीकडे द्यायला पार्टही नाही.

लुना मोपेड आठवा. १९७२ साली किनेटिकनं ती आणली. एरंडोलच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या कुठल्याही सायकलवाल्यानं ती खोलली आणि जोडली. प्लग कुठल्याही दुकानात, क्लच केबल कुठल्याही दुकानात. खेड्यातली माणसं त्या गाडीवर एवढी विसंबली ती याच कारणानं: बंद पडली तर दुपारपर्यंत चालू होईल याची खात्री होती. आजच्या स्वस्त इ-बाइकमध्ये हलणारे भाग लुनापेक्षा कितीतरी कमी आहेत. दुरुस्ती तिच्याहून सोपी व्हायला हवी होती.

झालं उलट, आणि त्यात सरकारी नियमांचा वाटा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल, तर ती गाडी मोटार वाहनच धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, नंबर प्लेट नको. शोरूमच्या काचेवर हेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. गरीब माणसाला यात सोय आहे, हे मला मान्य आहे. पण नोंदणी नाही म्हणजे कुठली गाडी कुणाकडे आहे हे कुठल्याच दप्तरात नाही. एखाद्या बनावटीचे कंट्रोलर धडाधड जळायला लागले तरी मालकांना कळवायचं कसं? आणि अनुदान? २०१९ साली इलेक्ट्रिक वाहनांसाठी केंद्राची १० हजार कोटींची फेम-२ योजना आली. तिच्यात दुचाकीला अनुदानासाठी किमान ताशी ४० किलोमीटर वेग आणि एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटरची अट होती. त्या अनुदानासोबत कंपनीवर तीन वर्षांच्या वॉरंटीचं बंधनही होतं. ताशी २५ वाली गाडी या सगळ्याच्या बाहेर राहिली. सगळ्यांत कमी पैसेवाल्याच्या गाडीला नोंदणी नाही, अनुदान नाही आणि अनुदानासोबत येणारं वॉरंटीचं बंधनही नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी कधी भर उन्हात गाडी ढकललेली नाही.

अनुदानवाल्या गाड्यांचं तरी काय झालं? भाग देशात बनवण्याची अट मोडली म्हणून २०२३ मध्ये सरकारनं सात कंपन्यांकडे दिलेलं अनुदान परत मागितलं. या धंद्यातलं जुनं आणि मोठं नाव असलेली हीरो इलेक्ट्रिक डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत आली की गाडीवाल्यानं पार्ट कुठून आणायचा, याचं उत्तर कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही. एकच उत्तर आहे: पार्ट असा हवा जो कुणाचाही कुठंही बसेल. व्होल्ट-वॉट जुळले की कंट्रोलर तसा आहेच. अडलंय ते अर्ध्या पानावर.

गाडीवाल्यांनाही दोन शब्द सुनावतो. कंट्रोलर बदलायला गेलं की “जरा मोठा टाकून द्या, गाडी पळेल” ही फर्माईश होते, आणि मिस्तरी ती पुरी करतात. १५ अँपिअरच्या जागी २५ चा डबा टाकला की वायरींतली आणि मोटरच्या गुंडाळीतली उष्णता पावणेतीन पटींच्या आसपास जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गानं वाढते. वायरी त्याच, कपलर तेच, बॅटरी तीच. मग कपलर वितळतो, बॅटरी फुगते, आणि दोष कंपनीला. शिवाय वेग २५ च्या वर गेला की ती गाडी कायद्यानं मोटार वाहन होते. नोंदणी नाही, विमा नाही, आणि अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. तशीच दुसरी खोड: उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज उडतो तो तुमचं घर वाचवायला. २०२२ मध्येच देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक दुचाकी जळाल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक करावे लागले. घराच्या ओसरीत, झोपलेल्या माणसांशेजारी ही गाडी चार्जिंगला लागते, हे विसरू नका.

आणि कुणी म्हणेल की खान्देशात हे काम करणारी माणसं कुठं आहेत, तर त्यानं डोळे उघडावेत. चोपडा-यावल-रावेरचा केळीपट्टा पंपांवर उभा आहे. त्या पंपांच्या मोटरी भरणारे, स्टार्टर दुरुस्त करणारे मिस्तरी प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यातल्या शिवाजीनगर गावी महानिर्मितीचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. शेतात सौर पंप लागताहेत, त्यांनाही कंट्रोलर आहेतच आणि तेही जळतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड मंजूर आहे. म्हणजे हात आहेत, डोकी आहेत, शिकण्याची सोयही होऊ शकते. जळगाव-धुळ्याच्या आयटीआयनी आप्पांसारख्या जुन्या मिस्तरींसाठी कंट्रोलर तपासण्याचे, बदलण्याचे छोटे वर्ग संध्याकाळी घ्यावेत. पोरांसोबत त्यांनाही मीटर, सोल्डर आणि चार बिघडलेले डबे द्यावेत. यासाठी मुंबईहून शासन निर्णय यायची वाट बघायची गरज नाही. प्राचार्यांनी मनावर घेतलं की पुरे.

वॉरंटीत असताना कंट्रोलर गेला आणि दुकानदार टोलवाटोलवी करत असेल, तर फोनवर भांडू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथं नोंदवा. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं कंपनी दिल्लीत असो की कोईमतूरला, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. जळगावची तक्रार जळगावला, धुळ्याची धुळ्याला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ म्हणून समिती नेमली, वाहनं त्यात धरली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. पण पोर्टलवर माहिती टाकायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. वायरिंगचा नकाशा आणि बदली पार्टचे आकडे दिल्याशिवाय गाडी विकता येणार नाही, असा नियम हवा. आपल्या खासदार-आमदारांनी एवढा एक प्रश्न सभागृहात विचारावा. उद्घाटनांना हिरवे झेंडे दाखवले, आता गाडी चालू ठेवायची व्यवस्थाही बघा.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर हत्यार आपल्याच हातात आहे, पैसे मोजण्याआधीच्या पाच मिनिटांचं. आखाजीला, दसऱ्याला गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि रेंज नंतर विचारा. आधी सीट उघडायला सांगा. कंट्रोलर कुठं आहे ते बघा, त्याच्या लेबलचा फोटो काढा. वायरिंगचा नकाशा मागा. कंट्रोलरची वॉरंटी किती महिन्यांची, तो वॉरंटीनंतर कितीला मिळेल आणि किती दिवसांत मिळेल, हे बिलाच्या मागं दुकानदाराच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. जो लिहून देईल त्याच्याकडे गाडी घ्या. जो देणार नाही, त्याच्या दुकानाची पायरी उतरा आणि शेजारच्या दुकानात हेच विचारा.